वस्तीला मंजूर झालेली शाळा

लग्न होऊन मी या वस्तीत आले तेव्हा माझ्याकडं डी.एड.चं प्रमाणपत्र होतं. शिक्षक भरती निघेल, मला नोकरी लागेल, असं माहेरी आणि सासरी सगळेच धरून चालले होते. वाट बघता बघता मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, आणि मी घरी ब्लाउज शिवायला बसले. नवरा लोहाऱ्याच्या स्टँडवरून जीप चालवतो.

आमची वस्ती ओढ्याच्या अलीकडं, गाव पलीकडं. वस्तीत बहुतेक आमची, बौद्धांचीच घरं. चौथीपर्यंतची शाळा वस्तीतच होती, भूकंपानंतर बांधलेल्या दोन खोल्यांची. एका पावसाळ्यात तिच्या मागच्या भिंतीला भेग पडली. अभियंता आला, त्यानं भेगेत पेन घालून बघितला आणि जाताना दारावर लाल रंगात ‘धोकादायक’ लिहायला लावलं. आमच्या भागात भिंतीची भेग कुणी हसण्यावारी नेत नाही. सासूबाईंची धाकटी बहीण भूकंपात घराखालीच गेली होती. त्या तशाच उठून शाळेत गेल्या आणि नातीला हाताला धरून घरी घेऊन आल्या.

गुरुजींनी शाळा समाजमंदिरात आणली. एकटा माणूस आणि चार वर्ग. एक दिवस ते घरी आले नि म्हणाले, “ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. पहिली-दुसरीला घेऊन बसाल का? द्यायला माझ्याकडं काही नाही.”

मी दुसऱ्या दिवसापासून जायला लागले. पोरं मला ‘बाई’ म्हणायची. पहिल्यांदा एका पोरीनं तशी हाक मारली तेव्हा मी मागं वळून बघितलं, दुसरं कुणी आलंय की काय म्हणून. पुढं पालकांनी मला शाळा समितीची अध्यक्ष केलं.

नवीन दोन खोल्या मंजूर झाल्याची बातमीही गुरुजींनीच आणली. जुनी जागा अरुंद पडत होती. तिला लागून एका म्हाताऱ्या आबांचा गोठा होता. त्यांना कुणी काही मागितलं नव्हतं. त्यांनी आपण होऊन पत्रे उतरवले, मेढी उपटल्या आणि म्हैस लिंबाखाली बांधली. “लेकरांना खेळाया जागा लागंल,” म्हणाले.

मग ग्रामसभा लागली. सरपंचांनी विषय काढला, शाळा वस्तीत नको, गावातल्या मोठ्या शाळेला जोडून बांधू.

“येगळी शाळा कशाला?” गावातला एक जण उठून म्हणाला. “तुमची लेकरं आमच्या लेकरांत बसू द्या की. का तुमालाच नको हाय?”

इतकी वर्षं हेच तर मागत आलो होतो. तरी मी उभी राहिले. “बसायला कुणाची ना नाही. ओढ्याला पाणी आल्यावर पोरांनी यायचं कसं, तेवढं सांगा.”

“पूल व्हणार हाय,” सरपंच म्हणाले.

“कवा?” आबांनी विचारलं.

“प्रस्तावात हाय.”

वस्तीची माणसं हसली. गावची हसली नाहीत.

खरी गोष्ट वेगळी होती, ती आम्हाला हळूहळू कळली. निधी आणला होता एका पुढाऱ्यानं, त्याला सगळे दादा म्हणायचे. सरपंच होते दुसऱ्याच्या गटातले, त्याला साहेब म्हणायचे. मुंबईत दोघं एकाच सरकारात. जिल्ह्यात मात्र एकमेकांच्या मांडवात पाय ठेवायचे नाहीत. शाळा वस्तीत वेगळी झाली असती तर पाटीवर दादांचं नाव आलं असतं; मोठ्या शाळेला जोडली की वेगळी पाटी लागत नव्हती. आणि निवडणूक जवळ होती.

आम्ही पाच-सहा बायका एसटीनं धाराशिवला गेलो, साहेबांना भेटायला. सरपंच त्यांचे, म्हणजे तेच ऐकवू शकतील, असा आमचा हिशेब. साहेब विश्रामगृहावर भेटले. खुर्च्या दिल्या, चहा दिला, मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं. “हे माझ्या कानावरच नाही, ताई. शाळा वस्तीतच होईल, माझा शब्द आहे,” म्हणाले आणि आमच्यादेखत कुणाला तरी फोन लावून दरडावले. निघताना त्यांच्या माणसानं सगळ्यांचा एक फोटो काढला.

परतीच्या गाडीत आम्ही पोरींसारख्या बडबडत होतो. तुळजापूर यायच्या आत तो फोटो एकीच्या मोबाइलवर आला. खाली लिहिलं होतं, साहेबांच्या प्रयत्नांतून वस्तीला नवी शाळा. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादांचा माणूस दारात उभा राहिला. “निधी आणायचा दादांनी आन् फोटो काढायचा साहेबांसंगं?”

“आमचं काही नाही हो,” मी म्हणाले. “कुणीही बांधा.”

“कुणीही कसं बांधंल?” तो म्हणाला. माझ्या बोलण्याचा त्याला खरंच अर्थ लागत नव्हता.

आठवड्याभरात जागा वादात असल्याची तक्रार वर गेली आणि कामाला स्थगिती आली. आम्ही दादांकडंही गेलो. दुपार टळेपर्यंत अंगणात बसवून ते बाहेर आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “तिकडं फोटो काढलाय ना? तिकडूनच बांधून घ्या.” साहेबांची माणसं म्हणायची, दादांनी अडवलं. दादांची म्हणायची, साहेबांनी घास पळवला. दोन्ही बाजूंची माणसं आमच्याकडं बघून हळहळायची.

मार्च संपला आणि पैसे परत गेले. थोड्याच दिवसांत गावाच्या चौकात पेव्हर ब्लॉक बसले. ते शाळेच्याच पैशाचे, असं वस्तीत सगळे म्हणायचे. मी पंचायत समितीच्या ऑफिसात जाऊन विचारलं. “ते लेखाशीर्ष वेगळं असतं, ताई, त्या पैशाचं खातंच वेगळं,” तिथला कारकून म्हणाला. असेलही.

आबांनी पावसाच्या आधी म्हैस विकली. मला त्यांच्यापुढं जायची लाज वाटायची. एकदा तेच ओट्यावर येऊन बसले. “तुजा काय दोस न्हाय, पोरी. आमी मागाया गेलो, तितंच चुकलं.” मला ते खोडून काढायचं होतं.

पुढं ज्यांना झेपत होतं त्यांनी पोरं व्हॅननं इंग्रजी शाळेत घातली. गुरुजींची बदली झाली. त्यांच्या जागी कुणी आलं नाही, तेव्हा मी एकटीनं चारही वर्ग धरले. केंद्रप्रमुख आले आणि चांगल्या शब्दांत म्हणाले, “बाहेरच्या माणसाकडं शाळा ठेवता येत नाही.” उरलेल्या पोरांना गावातल्या शाळेत जोडायचा आदेश निघाला. आम्ही बायकांनीच फळा, कपाट, बसकर पट्ट्या डोक्यावरून ओढ्यापार नेल्या. तिथले मुख्याध्यापक भले होते, त्यांनी पोरांना पुढं बसवलं. पण पाणी आलं की पोरं घरी राहायची, आणि पाणी ओसरल्यावरही त्यातली काही गेलीच नाहीत.

नवऱ्यानं मुलीला परंड्याला माझ्या भावाकडं ठेवायचं ठरवलं. मी नको म्हणाले. शाळा समितीच्या अध्यक्षाचीच पोर बाहेर गेली तर मागं कोण थांबेल, असं काहीतरी बोलले. तो जीप पुसत होता. “तू वस्तीचं बघ,” म्हणाला. “माज्या पोरीचं मला बघू दे.” मी तिचे कपडे भरले.

ती दर रविवारी फोन करते. तिथं प्रत्येक वर्गाला वेगळी खोली आहे, चित्रकलेला वेगळ्या बाई आहेत, असं सांगत राहते. गेल्या रविवारी मधेच तिनं विचारलं, “आई, सुट्टीत आले की मला घरीच ठेवून घेशील का गं?”

मला वाटलं तिला घरची आठवण येतेय. मी म्हणाले, “तू म्हणशील तर ठेवीन की.”

“न्हाय, न्हाय,” ती घाईघाईनं म्हणाली. “मला इकडं परत पाठव.”

“पाठवते,” मी म्हणाले.