आडनावाचं शेत

माझ्या भावानं नॉर्वेच्या मुलीशी लग्न ठरवल्याचं फोनवरून कळवलं, तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो मुलीचे वडील काय करतात हा. भाऊ मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता आणि ती मुलगी तिकडच्या एका बंदरातल्या ऑफिसात कामाला होती. वडील शेतकरी आहेत, असं भावानं सांगितलं आणि बाबांचा जीव भांड्यात पडला. फोन किन्हवलीच्या एसटीडी बूथवर आला होता, त्यामुळे बातमी आमच्याआधीच बाजारात पोचली. बाबांनी ती घरी येता येता ज्याला त्याला नीट करून सांगितली. मुलगी लांबची आहे खरी, पण शेतकऱ्याघरची आहे, म्हणजे आपल्यातलीच म्हणायची.

बाबा तेव्हा भातसा धरणावरच्या नोकरीतून निवृत्त व्हायला आले होते. आमचं मूळ शेत त्याच धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं आणि त्याच्या बदल्यात बाबांना तिथे नोकरी लागली होती. ज्या पाण्यानं शेत गिळलं त्याच पाण्याचे दरवाजे उघडण्या-मिटण्याचा पगार ते घेत, आणि यात काही गमतीचं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. पुढे घेतलेल्या दोन तुकड्यांत आम्ही भात लावायचो, मागाहून वाल पेरायचो. पण घरात ‘आपलं शेत’ म्हटलं की ते पाण्याखालचंच. सात पिढ्यांनी कसलेलं, असं बाबा आणि काका दोघंही सांगत. सातच का, हे कुणी विचारलं नव्हतं.

ते विचारायची वेळ व्याह्यांमुळे आली. लग्न तिकडेच झालं. त्यानंतरच्या हिवाळ्यात भाऊ, त्याची बायको आणि स्वतः व्याही आमच्याकडे यायचे ठरले. भावानं फोनवर सहज सांगितलं की, तिकडे माणसाचं आडनाव म्हणजे त्याच्या शेताचं नाव असतं. सासऱ्यांच्या घरी त्या शेतावरच्या माणसांची मोठी वंशावळ भिंतीवर लावलेली आहे आणि त्यांना आपलीही वंशावळ पाहायची फार इच्छा आहे.

बाबा त्या दिवशी नीट जेवले नाहीत. त्यांना स्वतःचे वडील आणि आजोबा, एवढीच नावं ठाऊक होती. श्राद्धाला तिसरं नाव लागतं, तिथे ते खोकत आणि भटजी समजून घेत. काकांना विचारावं तर ते नुसतंच ‘आपलं घराणं जुनं’ असं म्हणत. ते काही वंशावळीत लिहिता येईना. शेवटी बाबा मला घेऊन मुरबाडच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या त्यांच्या आत्याकडे गेले. मी शाळेत शिकवत होते, तेव्हा सांगतील ते मी लिहून घ्यायचं होतं.

आत्या ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. बाबांनी नॉर्वेपासून सुरुवात केली, ती तिनं शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाली की सात पिढ्या तिला माहीत नाहीत, पण तिचा आजा कुठून आला ते माहीत आहे. तो घाटावरचा. बैलांच्या पाठीवर मिरच्या लादून दरसाल खाली उतरायचा आणि मीठ घेऊन वर जायचा. एका साली तापानं पडला आणि आपल्या शेतावरच्या विधवा बाईनं त्याला पडवीत ठेवून घेतलं. ताप उतरला, पण तो घाट चढला नाही. बाईनं त्याच्याशी पाट लावला.

“पन मग आपलं आडनाव?” बाबांनी विचारलं.

“तिच्या पहिल्या नवऱ्याचं. शेत त्या नावाचं व्हतं ना,” आत्या म्हणाली. “शेतावर ऱ्हायला तो त्या नावाचा झाला. घाटावर त्याचं काय नाव व्हतं ते त्यानं कधी कुनाला सांगितलं नाय.”

बाबांनी तिला पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं. ती वाल सोलता सोलता तेच सांगत राहिली, आणि त्यात कमीपणाचं काही आहे असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं. मी एक ओळही लिहिली नाही. परतीच्या एसटीत बाबा खिडकीबाहेर बघत होते. किन्हवली यायच्या सुमारास म्हणाले, “हे घरात बोलायचं नाय. काकाला तर नायच.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी सात पिढ्या तयार केल्या. वडील-आजोबांच्या वरची नावं सुचेनात, म्हणून धरणावरच्या माणसांची घेतली. सगळ्यात वरचा मूळपुरुष ज्याच्या नावाचा होता, तो कॉलनीच्या कँटीनमध्ये चहा करायचा. त्याच्याखाली दोन वॉचमन, एक वायरमन आणि बाबांना कधीच रजा न देणारे एक साहेब. साहेबांना त्यांनी फार खाली, पोरवयात वारलेल्या एका चुलत शाखेत टाकलं.

व्याही आले. उंच, लाल गालांचा, कमी बोलणारा माणूस. हात बाबांच्या हातांसारखेच खरबरीत होते. ते मुलीशी त्यांच्या भाषेत बोलत, ती भावाला इंग्रजीत सांगे आणि भाऊ आम्हाला मराठीत. आधी बाबांनी त्यांना धरणावर नेऊन आमचं शेत दाखवलं, म्हणजे पाण्याकडे बोट केलं. व्याह्यांनी टोपी काढली आणि बराच वेळ उभे राहिले. मग फोटो काढला. आमच्या वडिलोपार्जित शेताचा तो एकुलता एक फोटो. त्यात सगळं निळं आहे.

संध्याकाळी पडवीत वंशावळी निघाल्या. बाबांनी आपले सात पुरुष एका दमात म्हणून दाखवले. व्याह्यांनी सगळी नावं स्वतःच्या लिपीत उतरवून घेतली, आणि मग प्रत्येक नावाशेजारच्या मोकळ्या जागेवर पेन्सिल टेकवून विचारलं की, यांच्या बायका कोण?

बायकांचा विचार बाबांनी केलाच नव्हता. ते आईकडे पाहायला लागले. आई दारात उभी होती. तिनं पदर सारखा केला आणि एकामागून एक नावं सांगायला सुरुवात केली. तिची आई, तिची आजी, आजीच्या बहिणी, मामी. तिच्या माहेरच्या सगळ्या बायका आमच्या घराण्यात अशा नांदायला आल्या. बाबांचे वडील आणि आजोबा सोडले, तर त्या वंशावळीत खरी माणसं तेवढीच.

मग व्याह्यांनी स्वतःचा कागद उलगडला. बोट खाली आणत आणत एका चौकोनावर थांबले आणि काहीतरी म्हणाले. सून हसली. भाऊ मात्र जरा घुटमळला, मग म्हणाला, “बाबा, हे त्यांचे आजोबा. ते या घराण्यातले नव्हते. गडी म्हणून शेतावर आले होते. मालकीणबाईंचे यजमान गेल्यावर त्यांच्याशी लग्न केलं आणि शेताचं नाव लावलं. ते म्हणतात, वरची सगळी माणसं शेताची. आमच्या रक्ताची नाहीत.”

“आनि हे ते भिंतीला लावतात?” बाबांनी विचारलं.

भावानं विचारून सांगितलं की, हो, दिवाणखान्यात. येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी तोच चौकोन दाखवतात.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तांब्या उचलून आत गेले. बाहेर बाबा काही बोलतील असं मला वाटलं, पण कागदावर सात माणसं बसली होती आणि त्यांच्या शेजारी आईचं अख्खं माहेर. आता कुणाकुणाला उठवणार? त्यांनी व्याह्यांच्या ताटलीत आणखी एक चकली वाढली.

पुढच्या वर्षी नॉर्वेहून एक पार्सल आलं. जाड कागदावर, सुबक अक्षरांत, चौकटीत बसवलेली आमची वंशावळ. काका हरखले. त्यांनी ती बाबांच्याच घरी समोरच्या भिंतीवर लावली आणि भावकीतल्या लोकांना दाखवायला आणू लागले. लोक नावं उतरवून नेत. काकांच्या मुलाला मुलगा झाला, त्याचं नाव मूळपुरुषावरून ठेवायचं ठरलं. बारशाला आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा. मी वाकले आणि कँटीनवाल्याचं नाव सांगितलं. बाळ झोपलेलं होतं. बाबा पेढ्यांचं ताट घेऊन कोपऱ्यात उभे होते, त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर काही वर्षांनी व्याही थकले. शेत बघायला दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा भावानं जहाज सोडलं आणि तो बायकोबरोबर तिथेच राहायला गेला. तिकडच्या रीतीप्रमाणे त्यानं शेताचं नाव आडनाव म्हणून लावलं. तसं त्यानं बाबांना फोनवर चाचरत सांगितलं. बाबा म्हणाले, थंडीत जपून राहा.

काका मात्र तणतणत आले. आपलं आडनाव टाकून पोरगा बायकोच्या घरचं नाव लावतो, लोकांना काय सांगायचं, असं बरंच बोलले. मग वंशावळीकडे हात करून म्हणाले, “या सात पिढ्यांत कोन घरजावई झालाय का, सांग मला.”

“झालाय,” बाबा म्हणाले.

आणि त्यांनी सगळं सांगितलं. मिरच्यांचे बैल, ताप, पाट, आत्यानं सांगितलं तसंच, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मी माजघरात उभी राहून ऐकत होते. इतकी वर्षं गप्प राहिलेला माणूस इतकं सरळ बोलतो आहे, याचं मला बरं वाटत होतं.

काकांनी विचारलं, “मंग भिंतीवर कोन हायेत?”

“धरनावरची मानसं,” बाबा म्हणाले. “तो वरचा चहावाला.”

काकांनी वंशावळीकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं आणि त्यांचा राग एकदम ओसरला. उठताना त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. जाता जाता मला अंगणात बोलावून हळूच म्हणाले, पोरगा लांब गेल्याचं तुझ्या बापानं मनाला लावून घेतलंय गो, कायच्या काय बोलतोय, शहापूरला चांगल्या डॉक्टरला दाखव.

मी नेलं. बाबाही कुरकुर न करता आले. डॉक्टरांनी बीपी तपासलं, दोन-चार प्रश्न विचारले आणि या वयात इतकी चांगली स्मरणशक्ती क्वचित पाहायला मिळते असं सांगितलं.