इर्मगार्ड आत्याचा कोट

आमच्या शेजारच्या रोझविथा आइझेले बाईंनी आयुष्यात कुठलीही वस्तू नुसती बघून घेतलेली नाही. नवरासुद्धा तीन वर्षं पारखून घेतला, आणि ओटमारला अजून वाटतं, त्यांचा निर्णय व्हायचाय. त्यामुळे तेलाचा जुना बॉयलर काढून बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढणारा हीट पंप बसवायचं ठरलं, तेव्हा मला कीव आली ती विक्रेत्याची.

तो बिचारा आला, घराभोवती एक चक्कर मारली, कॉफी प्यायला आणि सगळ्यात मोठा पंप सुचवून मोकळा झाला. इथं जर्मनीतल्या आल्बच्या डोंगरावर थंडी फार, मोठा असलेला बरा, असं त्याचं म्हणणं. रोझविथाबाईंनी त्याच्या बशीत केकचा दुसरा तुकडा ठेवला आणि शांतपणे विचारलं, "माझ्या नवऱ्याला बेचाळीस नंबरचा बूट लागतो. थंडी आहे म्हणून सेहेचाळीसचा घेऊ का?"

गरजेपेक्षा मोठा पंप सारखा चालू-बंद होतो, जास्त वीज खातो आणि लवकर झिजतो, हे त्यांनी त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. मग त्याला खोलीखोलीतून फिरवून भिंती, खिडक्या, छत, उष्णता कुठून किती निसटते, सगळ्याचा हिशेब मांडायला लावला.

स्वतःची तयारी तर आदल्या हिवाळ्यातच झाली होती. खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरमध्ये नुसतं कोमट पाणी खेळवलं तर पंप स्वस्तात चालतो, म्हणून त्यांनी जुन्या बॉयलरचं पाणीच मुद्दाम कमी गरम ठेवून घर उबदार राहतं का ते बघितलं. ओटमार महिनाभर घरात लोकरीची टोपी घालून फिरला; गरज म्हणून नव्हे, निषेध म्हणून. फक्त मागची छोटी खोली गार राहिली. तिथं मोठा रेडिएटर बसवला आणि पंप घेतला मध्यम, आवाज न करणारा.

ती खोली इर्मगार्ड आत्यासाठी होती. आईच्या माघारी ओटमारला तिनंच वाढवलं. आता शहाऐंशीची, वरच्या आळीत एकटी, जिन्यावरून दोनदा पडलेली. रोझविथाबाईंना तिला घरी आणायचंच होतं. आत्याचं म्हणणं, त्या विजेच्या डब्याच्या भरवशावर गारठून मरण्यापेक्षा जिना बरा. शेवटी ख्रिसमसआधीच्या एका रविवारी ती बघायला यायला कबूल झाली. ऊब पटली तर राहीन, नाहीतर विषय बंद.

बाहेर सगळं गोठलेलं. कॉफीचं टेबल मुद्दाम छोट्या खोलीत मांडलं होतं आणि मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. आत्यानं आल्या आल्या इथली सगळी म्हातारी माणसं करतात तेच केलं. रेडिएटरवर पंजा ठेवला. हात भाजला नाही तर खोली थंड, एवढं साधं शास्त्र.

"मेलाय हा," ती म्हणाली. "ओटमार, तुझ्या बायकोनं मढं विकत आणलंय."

"कोमटच असतो तो, आत्या. दिवसभर हळूहळू चालतो. बसा तर खरं," रोझविथाबाई म्हणाल्या.

आत्या बसली, पण कोट न काढता. तत्त्व म्हणजे तत्त्व. भिंतीवरचं थर्मामीटर एकवीस अंश दाखवत होतं, पण आकड्यांवर तिनं कधीच विश्वास ठेवलेला नाही. रोझविथाबाईंनी कोटाचा विषयसुद्धा काढला नाही. लिन्त्सर केक कापला, कॉफी ओतली, आधी गुडघ्यांची चौकशी केली आणि मग चर्चमधल्या नव्या पाद्र्याची. पाद्र्यापर्यंत येता येता आत्याचा मफलर सुटला. दुसऱ्या कपाला कपाळ चमकायला लागलं. त्यानंतर ती कोटाच्या बटणांशी झटू लागली आणि आम्ही तिघं खिडकीबाहेरच्या बर्फाकडे अतिशय मन लावून बघत बसलो.

"रोझविथा," ती शेवटी म्हणाली, "खिडकी उघड जरा. जीव गुदमरतोय."

"पाचच मिनिटं हं, आत्या. ही ऊब काही फुकट येत नाही."

आत्या कोट हातात घेऊन उठली आणि दारामागच्या खुंटीकडे रागानं बघत राहिली. "रोज एवढ्या उंच हात करायचा का मी? खाली घ्या ती."

ओटमार स्क्रूड्रायव्हर आणायला धावला. रोझविथाबाईंनी मात्र आधी टेप काढली आणि आत्याचा हात कुठवर पोचतो ते मोजून घेतलं.