बंद काचांची गाडी

त्या सकाळी गवतावर पडलेले दव आणि त्यात उमटलेली ओढत नेल्याची खूण मला अजून जशीच्या तशी दिसते. नोकरीच्या तीस-बत्तीस वर्षांत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्या प्रकरणाने बसलेला धक्का वेगळा होता. तो गुन्हेगाराने दिलेला नव्हता.

साल नक्की सांगत नाही. साठच्या दशकातली गोष्ट. मी कोयना खोऱ्यातल्या एका लहान ठाण्यावर फौजदार होतो. धरणाचे काम संपत आले होते. चिपळूणकडून घाट चढून येणाऱ्या रस्त्यावर दिवसभर ट्रक असत. थंडीचे दिवस. सकाळी सातला मी स्टेशन डायरीवर सही करत असताना धरणाच्या कामावरचा एक रखवालदार धापा टाकत आत आला.

"सायब, चला बिगीनं. धनगरानं गोऱ्या सायबाला मारलंय. मडमेला वढून काडताना म्या ह्या डोळ्यांनी बगितलंय!"

दोन शिपाई आणि हवालदार घेऊन मी जीपने निघालो. जागा ठाण्यापासून चार मैलांवर, नदीकाठच्या माळावर. ती गाडी आदल्या दिवशी दुपारीच गावात सगळ्यांनी पाहिली होती. एक परदेशी नवरा-बायको आपल्या मुलखातून रस्त्याने हिंदुस्थानात आले होते. गाडीच्या आतच त्यांचे घर होते. दोन फळ्यांचे बिछाने, पाण्याची टाकी, तिला तोटी, हात धुवायचे भांडे, गॅसची चूल, कपाट. महिनाभर ते रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर राहिले होते. ना डाकबंगला, ना हॉटेल. जिथे समुद्र आवडेल तिथे गाडी उभी करायची आणि झोपायचे, भाडे द्यायचे नाही, कुणाची परवानगी मागायची नाही. आमच्या लोकांना याचे फार नवल वाटले होते. चहाच्या दुकानात एकजण म्हणाला होता, "आयला, म्हंजे हे बी धनगरच की! मेंढरं तेवडी न्हाईत."

माळावर पोचलो तर गाडीचे मागचे दार उघडे होते. आत पुरुष बिछान्यावर निपचित पडलेला. चेहरा शांत, गुलाबी. मी हात लावला, अंग गार होते. जखम नाही, झटापट नाही. बाई दहा-बारा हातांवर गवतात पडली होती, अंगावर एक घोंगडी होती. तिचा श्वास चालू होता, पण शुद्ध नव्हती. गाडीत एक पितळी तांब्या होता आणि त्यात तळाला थोडे दूध. बाईला जीपमध्ये घालून मी लगेच प्रकल्पाच्या दवाखान्यात पाठवली आणि पंच बोलावले; पंचनामा झाल्यावर प्रेतही तिकडेच गेले.

धनगराला शोधावे लागले नाही. तो शेजारीच उकिडवा बसला होता. साठीचा, कोरडा, उंच माणूस. खटाव तालुक्यातला, वडूजच्या बाजूचा. त्यांची मेंढरे दरसाल दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जात. यंदा सून अवघडलेली म्हणून त्यांचे बिऱ्हाड माळावर थोडे थांबले होते. मुलगा बहुतेक मेंढरे घेऊन पुढे गेला होता, दुधापुरती थोडी मागे होती.

"दूध तू दिलेस?" मी विचारले.

"व्हय. सांजंला दिलं."

"आणि सकाळी गाडीत का शिरलास?"

तो गप्प.

रखवालदाराने जबाबात सांगितले की म्हाताऱ्याने बाईला काखेत हात घालून ओढत बाहेर आणले, मग पुन्हा आत गेला, काहीतरी दोन हातांत धरून नदीकडे गेला आणि ते पाण्यात टाकले. मी शिपायांना पाण्यात उतरवले. तासाभराने त्यांच्या हाताला एक जुने घमेले लागले. कोयनेच्या कामावर घमेल्यांना काय तोटा! ते काठावर टाकून आम्ही हत्यार, पिशवी, बाटली असे काही मिळते का ते पाहत राहिलो. काही मिळाले नाही.

माझ्या डोक्यात प्रकरण तयार झाले होते. दुधात धोतरा. लूट करायची होती, बाई अर्धवट शुद्धीवर आली, रखवालदार दिसला, म्हणून माल पाण्यात टाकला. दुपारी साताऱ्याहून वरिष्ठांचा ट्रंक कॉल आला. परदेशी माणूस, तोही धरणाजवळ मेलेला. मुंबईपर्यंत विचारणा होणार. "आरोपी कबूल झाला का?" एवढेच त्यांनी विचारले.

आरोपी कबूल होईना. नाकारीही ना. आमच्या खात्यात एक समज पक्का असतो : जो बोलत नाही तो लपवतो आणि जो लपवतो तो गुन्हेगार. हवालदाराने त्याला दोन तास उभे ठेवले, नंतर हातही चालवला. संध्याकाळी मी स्वतः समोर बसलो.

"पाण्यात काय टाकलेस?"

गप्प.

"म्हाताऱ्या, फासावर जाशील."

"जाईन की सायब," तो म्हणाला. "लिवा तुमाला काय लिवायचं त्ये. म्या अंगटा देतो."

त्या उत्तराचा मला राग आला. मी त्याच्या कानशिलात लगावली. पागोटे खाली पडले. त्याने ते उचलले, झटकले आणि पुन्हा डोक्याला गुंडाळले. माझ्याकडे पाहिलेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याची तयारी चालू असताना डॉक्टरांचा निरोप आला. मी दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते, पुण्यात शिकलेले.

"व्हिसेरा तपासणीला पाठवतो आहे," ते म्हणाले, "पण मला विषाचे काही दिसत नाही. फौजदारसाहेब, मयताच्या रक्ताचा रंग लालभडक आहे. इतका लाल रक्ताचा रंग मेल्यावर राहत नाही. त्या गाडीत काही जळत होते का? कोळसा, निखारे?"

"त्यांची गॅसची चूल होती."

"गॅस संपला होता. बाई पहाटे शुद्धीवर आली, तिनेच सांगितले. समुद्रावर महिनाभर रोज खिडक्या उघड्या टाकून झोपत होते. इथे थंडी वाजली म्हणून पहिल्यांदाच सगळ्या काचा लावल्या. त्यापुढचे तिला नीट आठवत नाही. बंद जागेत निखारे असतील तर त्यातून एक वायू सुटतो. वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो, आणि चेहरा गुलाबी दिसतो."

तो गुलाबी चेहरा मी पाहिला होता. गोऱ्या माणसाचा रंगच तसा, असे समजून मी पुढे गेलो होतो.

तसाच माळावर गेलो. गाडीत शिरून दोन बिछान्यांच्या मधे वाकून पाहिले. खाली जमिनीवर चिकटवलेल्या लिनोलियमवर एक गोल, तपकिरी डाग पडला होता. नदीकाठी टाकून दिलेले घमेले आणून त्यावर ठेवले. बरोबर बसले.

एवढ्यात आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि मी तिथेच गाडीच्या पायरीवर बसलो. काल बाई गवतात सापडली तेव्हा तिच्या अंगावर घोंगडी होती. मुद्देमाल म्हणून मीच ती जप्त केली होती. मारायला ओढून नेलेल्या बाईवर कुणी आपली घोंगडी घालतो का? थंडीत स्वतः उघडा बसून?

ठाण्यावर येऊन मी लॉकअपचे कुलूप काढायला लावले आणि त्याच्या शेजारी फरशीवर बसलो.

"बाबा, घमेल्यात निखारे होते ना?"

काल मार खाताना न हललेला तो माणूस भिंतीपर्यंत मागे सरकला.

"तुम्ही दिलेत?"

"व्हय. म्याच दिलं." उत्तर फार घाईने आले.

"खरे सांगा."

 तो हात जोडून हलक्या आवाजात म्हणाला, "सायब, सुनंनं दिलं वो. ती मडम थंडीनं काकडत चुलीपाशी आली, हात शेकत बसली. पोरीला दया आली. ऐनाच्या लाकडाचं निखारं घमेल्यात घालून दिलं. मी मेंढरांकडं हुतो, मला ठाव न्हाई. सकाळी दूध द्याया गेलो, हाका मारल्या, दार उगडलं आन् बगितलं. माझा थोरला भाऊ असाच गेला, खोपटात निखारं घिऊन निजला हुता. म्या वळिकलं. बाई जित्ती वाटली, तिला वाऱ्याला काडली. घमेलं टाकून दिलं."

"मग काल का बोलला नाहीत? बाईला तुम्ही वाचवलेत!"

"बोललो असतो तर घमेलं कुनाचं, कुनी दिलं, समदं निघालं असतं. आवं, ती दोन जिवांची हाय. आपल्या हातनं मानूस मेलं हे तिला कळलं तर तिचं काय व्हईल? मला फाशी द्या, पर तिला हे कळू दिऊ नगा."

मी उठून बाहेर आलो. हवालदार काय झाले म्हणून विचारत होता, मी त्याला म्हाताऱ्यासाठी चहा आणायला सांगितले. गुन्हा सिद्ध करायला मी निघालो होतो आणि हाती लागला तो एका पोरीचा चांगुलपणा. त्यानेच माणूस मेला होता.

अकस्मात मृत्यूची नोंद करून प्रकरण मिटवायचे मी ठरवले. कागदावर लिहायचे होते, निखारे म्हाताऱ्याने दिले. हे खोटे होते, पण कुणाचे नुकसान नव्हते. फक्त बिऱ्हाडाचा पंचनामा बाकी होता, तो झाला की म्हाताऱ्याला सोडायचे; म्हणून तिसऱ्या दिवशी मी माळावर गेलो.

सून विशीची असेल. पोट पुढे आलेले, कपाळावर मोठे कुंकू. पाल चहूबाजूंनी घोंगड्यांनी बंद केले होते आणि आत, तिच्या अंथरुणाशेजारी, निखाऱ्यांचे दुसरे घमेले धगधगत होते.

ते पाहून माझ्या तोंडून आपोआप निघाले, "आधी ते बाहेर काढ! बंद जागेत निखारे ठेवू नयेत, माणूस मरतो!"

तिने घमेले उचलून बाहेर आणले, खाली ठेवले आणि त्याच्याकडे पाहत उभी राहिली. मला माझी चूक कळली तोवर उशीर झाला होता. ती हळूहळू खाली बसली.

"मंजी त्यो पावना..."

मी टोपी काढून हातात घेतली.

"बाई जित्ती हाय न्हवं?"

"आहे. तुझ्या सासऱ्यांनी वेळेवर बाहेर काढली."

"आन् मामंजींस्नी तुमी धरून ठिवलंय." ती रडली नाही. पदराने तोंड पुसून म्हणाली, "कागद काडा. मामंजींनी न्हाई, म्या दिलं निखारं. तसंच लिवा."

मी समजावून पाहिले, की त्याची गरज नाही. ती ऐकेना. शेवटी मी लिहिले, वाचून दाखवले आणि तिने अंगठा दिला. आयुष्यात मी शेकडो जबाब घेतले, काही दमात घेऊन, काही मारून. न मागता मिळालेला आणि नको असताना घ्यावा लागलेला हा एकच.

संध्याकाळी म्हाताऱ्याला सोडला. घोंगडी परत केली, पावतीवर अंगठा घेतला. झालेल्या मारहाणीबद्दल मी त्याची माफी मागितली. ठाण्यात फौजदाराने माफी मागायची पद्धत नव्हती. हवालदाराने मान दुसरीकडे वळवली. म्हाताऱ्याने ते ऐकल्यासारखेही केले नाही.

"तिला कळलं का?" एवढेच त्याने विचारले.

"कळले. माझ्याच तोंडून."

मला वाटले, तो आता मला शिव्या घालील. त्याने घोंगडी खांद्यावर टाकली.

"मग बिगीनं गेलं पायजे," तो म्हणाला. "पोर एकटी हाय."

आणि तो चार मैलांचा रस्ता पायीच निघाला. जीप देतो म्हटले, तर थांबला नाही.

मी ते बोललो नसतो तर बरे झाले असते, असे कधी वाटते. पण त्या बंद पालातले घमेले आठवले की वाटते, बोललो तेच बरे. याचा निकाल मला आजवर लावता आलेला नाही. एवढे मात्र झाले, की त्यानंतर कुणी माझ्यासमोर गप्प बसला तर मी हात उगारला नाही. हा माणूस कुणाला वाचवायला गप्प बसला आहे, हे मी आधी शोधत असे. बहुतेक वेळा तो स्वतःलाच वाचवत असे. पण बहुतेक वेळाच.