पप्पांचा हात आणि कर्नलमधलं सूत्र

पप्पांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा विहाराचा नकाशा निम्मा झाला होता. पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात मशीनच्या भागांचे नकाशे काढले. रिटायर झाल्यावर मराठवाड्यातल्या आमच्या गावानं नव्या बुद्धविहाराचा नकाशा त्यांच्याकडे मागितला, याचा त्यांना केवढा अभिमान! नावड्याच्या आमच्या सोसायटीत जिन्यावर कुणी भेटलं तरी विषय तिथंच यायचा. तो नकाशा स्वतःच्या हातानं पुरा करायचा, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण हातात माउस ठरेना. भिंतीची रेघ काढायला जावं तर पडद्यावरचा बाण अंगणात.

मी कॉम्प्युटरवरच पोट भरते. माउसचा वेग कमी करायची सोय सगळीकडे असते, पण त्यानं थरथर आणि काम दोन्ही सारखंच मंद होतं. मला नुसती थरथर गाळायची होती. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसणारं एक छोटं मॉड्यूल, प्रोग्रॅमचा एक जोडतुकडा, लिहिलं. माउसची प्रत्येक हालचाल आधी कर्नलकडे येते. तिथं ती माझ्या सूत्रातून जायची आणि मगच बाण हलायचा. सूत्र मी बाहेरून टाइप करायचे, मॉड्यूल ते वाचून सोडवायचं. गोळ्यांनी थरथर कमीजास्त झाली की सूत्र बदलायचं. मोठा झटका आला तर तो कापायचा, लहान हालचाल पाऊणपट करायची, असं ते होतं.

नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली तर तो एकटा मरतो. गाभ्यात चूक झाली तर अख्खं मशीन बंद पडतं. त्यामुळे तिथले नियम कडक. दशांशातलं गणित तिथं सहसा करत नाहीत, पूर्ण संख्यांवर भागवतात. मीही भागवलं. स्वतःच्या हातानं माउस फिरवून पाहिला, बाण झकास पळाला, आणि मी खुशीत ऑफिसला गेले. पी हळद नि हो गोरी, हा माझा जुना स्वभाव.

पप्पा त्यानंतर नकाशाचं नाव काढेनात. कॉम्प्युटरला हात लावेनात. मग एका रविवारी कळलं की नकाशा दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, असं त्यांनी गावाला केव्हाच कळवून टाकलंय. मी भडकले. इतकी खटपट केली आणि हे न सांगता हार मानून मोकळे! म्हटलं, बसा आणि मला दाखवा.

ते बसले. श्वास रोखून माउस अगदी हळू सरकवू लागले. गोळ्या लागू पडल्या होत्या, हात जराही थरथरत नव्हता. तो टेबलावरून वीतभर सरकला, पण बाण होता तिथंच.

"मला वाटतं, हात हलतोय," ते म्हणाले. "पण बाण काय हलत नाय. म्हंजे हातच हलत नसंल."

मी माझं सूत्र उघडून बघितलं. हळू सरकणारा माउस एका वेळी एकाच टिंबाएवढी हालचाल पाठवतो. एकाचे पाऊण करून पूर्ण संख्येत मांडले की शून्य उरतं, आणि उरलेला अपूर्णांक मी टाकून देत होते. झटके कापून का होईना, पोचत होते. जपून केलेली हालचाल मात्र एकही पोचत नव्हती. माझ्या घाईच्या हाताला हे कधी दिसणारच नव्हतं.

अपूर्णांक टाकायचा नाही, साठवून पुढच्या हालचालीत मिळवायचा, एवढीच दुरुस्ती होती. चहा होईस्तोवर ती झाली. बाण हलला. पप्पा पडद्याकडे न बघता कितीतरी वेळ हाताकडेच बघत राहिले, आणि मला रडू आवरेना.

त्यांनी लगेच गावाला फोन लावला. पलीकडचे लोक आदरानं बोलले. पण तालुक्याच्या इंजिनिअरनं नकाशा दिला होता आणि पायाही खोदून झाला होता. पप्पांनी त्यांना शुभेच्छा दिल्या, फोन ठेवला आणि पुन्हा माउस धरला. विहाराच्या पायऱ्या काढायच्या राहिल्या होत्या.

आता कशाला, असं मी विचारलं.

"हातावर मी उगीच आळ घेतला गं," ते म्हणाले. "त्याला त्याचं काम तर पुरं करू दे."