माझ्या दोन भाच्या

चहाचा कप खाली ठेवूनच ऐका, उगाच सांडेल. राज्याच्या सीमेवरच्या या खुर्सीपारात राहून राहून मला वाटायचं, इथलं सगळं आपल्याला कळतं. त्या वाटण्यानेच माझा घात केला.

श्रावणात माझी भाची मुग्धा पुण्याहून आली. कॉलेजचा अभ्यास होता. सीमेकडच्या भागात राहायचं, तिथल्यांसारखं जगायचं, शिकायचं. तिला हवी होती भोजलीची गाणी. म्हणजे इथल्या बायका टोपलीत गव्हाचे कोंब वाढवतात, तीच भोजली; त्यांच्यापुढे गातात आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी ते तलावात शिरवतात, म्हणजे विसर्जन करतात.

सगळी गाणी पाठ एकटीला, शेजारच्या फुलेश्वरीला. आणि तिच्याशी माझा अबोला. का? तिच्या शेळीने माझी तुळस खाल्ली होती, तीही मुळासकट.

"मावशी, विचार ना तिला. त्याशिवाय माझा अभ्यास अर्धाच राहील."

"मी नाही बोलत. आधी तिच्या शेळीले माफी मागू दे."

शिरवायच्या दिवशी आम्ही तलावावर गेलो. बायका उरलेले कोंब एकमेकींच्या कानावर खोचत होत्या. मी म्हटलं, "पाह्य मुग्धा, हे आपल्या दसऱ्याच्या सोन्यावानी. सगळ्यायले वाटाचं."

मुग्धा काही सांगत होती, पण ऐकतं कोण? मूठभर कोंब घेतले आणि निघाले. दिसली बाई की खोच कानावर. त्या भरात समोर फुलेश्वरी आली, तिच्याही कानावर खोचले.

सगळ्या घाटाने माना वळवल्या.

फुलेश्वरी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने आपल्या टोपलीतले कोंब काढून माझ्या कानावर खोचले. "सीताराम, भोजली. आज ले तैं मोर नाव झन लेबे."

नाव घ्यायचं नाही? मला वाटलं, भांडण आणखी वाढलं.

"अगं मावशी," मुग्धा हसून बेजार, "तेच सांगत होते. हे सोनं नाही. ही जन्माची सखी झाली तुझी. नाव नाही घ्यायचं, भोजली म्हणायचं. बहिणीसारखं राहायचं. आणि भांडायचं नाही, कधीच."

घरी आमचे हे म्हणाले, "सारा तलावच बहीण करून आली का वो?"

पण त्याच संध्याकाळी फुलेश्वरी आमच्या अंगणात गायला बसली. मुग्धाने सगळी गाणी मोबाइलमध्ये भरून घेतली. पुण्याला कौतुक झालं तिचं. तिला गाणी मिळवून दिली कोणी? मी. मान ताठ करून फिरत होते गल्लीत.

मग एका सकाळी बघते तर शेळी नव्या तुळशीत तोंड घालून उभी. मी काठी उचलली.

कुंपणापलीकडून आवाज आला, "का होगे, भोजली?"

काठी हळूच खाली ठेवली.

"कुछू नहीं, भोजली. भाची जेवून राहिली."