विदाईचा खालचा सूर

सेवकभाऊंनी पिशवीतून ट्रम्पेट काढला, माझ्या ओसरीतल्या टेबलावर ठेवला आणि पाणीही न पिता म्हणाले, "भाऊ, खालचा सूर चढून राह्यला. हा उतरला नाही तं मी घरी बसतो."

सेवकभाऊ वारासिवनीच्या एका लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. मी उकव्याला खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. रिटायर होऊन बालाघाटला आलो आणि बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करायला लागलो, ते यांच्यामुळेच. पहिलं बिघडलेलं वाद्य यांनीच आणून दिलं होतं. त्याआधी मी दिवसभर घरात बसून बायकोच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायचो, आणि तिला त्याचा फार त्रास व्हायचा.

आमच्याकडे नवरी सासरी निघाली की धुमाल, म्हणजे ढोल-ताशांचा गजर, थांबते आणि विदाईची धून एकटा ट्रम्पेट वाजवतो. त्या धुनेची प्रत्येक ओळ खालच्या एका सुरावर येऊन टेकते. तोच सूर थोडा वर लागत होता. पूर्वी हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आता बँडच्या ठेल्यावर कीबोर्ड आला. तो मागे सूर धरून ठेवतो, त्यामुळे ट्रम्पेट चढला की सगळ्यांना कळतं. मालकांनी सांगून टाकलं होतं की पुढच्या लग्नात विदाई कीबोर्डवरच होईल.

मी मालकांना फोन केला. ते हिंदीत बोलतात. "मिस्त्रीजी, कीबोर्ड में ट्रम्पेट की आवाज भी है, और वो चढ़ता नहीं." मी म्हणालो, "इस शादी तक रुक जाइए." ते रुकले. त्याबद्दल त्यांचे आभार मानायलाच हवेत.

आता थोडं ट्रम्पेटबद्दल. त्याला तीन वॉल्व्ह असतात. वॉल्व्ह दाबला की हवा एका जादा नळीतून फिरून येते, रस्ता लांबतो आणि सूर उतरतो. या नळीला स्लाइड म्हणतात. अडचण येते ती पहिला आणि तिसरा वॉल्व्ह एकदम दाबल्यावर. प्रत्येक नळी एकट्याच्या हिशोबाने कापलेली असते. चौघांच्या वरणातलं मीठ पाहुणे आल्यावर पाणी वाढवलं की कमी पडतं, तशी तिसरी नळी इथे आखूड पडते आणि सूर चढतो. हा दोष सगळ्याच ट्रम्पेटांत असतो. म्हणून तेवढ्या सुरापुरती तिसरी स्लाइड बाहेर सरकवायची असते.

मी स्लाइड ओढून पाहिली. हलेना. चष्मा लावून पाहिलं, तर जोडावर चक्क कथलाचा डाख दिलेला.

"हे काहून चिकटवली?"

"वरातीत पडे ना भाऊ. नाचणाऱ्यायच्या पायाखाली जाये. एकदा तं घोडीनंच पाय देल्ला. मंग साऱ्या बँडनं डाख मारून घेतला."

हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं हा माणूस ओठ सैल सोडून तो सूर खाली ओढत होता. आता कवळी बसवल्यावर ओठांना ते जमत नव्हतं.

डाख वितळवून स्लाइड सोडवली. ग्राइंडिंग पेस्ट लावून नळीत फिरवली, धुतली, तेल दिलं. आधी मी सोपा मार्ग धरला. स्लाइड जरा बाहेर काढून तशीच ठेवली. विदाईचा सूर बरोबर लागला, पण तिसऱ्या वॉल्व्हचे बाकीचे सूर जास्तच उतरले. म्हणजे स्लाइड वाजवतानाच हलायला हवी, आणि वरातीत पडायलाही नको.

यावर उपाय ट्रिगरचा. अंगठ्याखाली छोटा खटका बसवायचा. दाबला की स्लाइड बाहेर, सोडला की स्प्रिंग तिला आत ओढते आणि तिथेच धरून ठेवते. खटका मी पितळी पट्टीचा केला. गाडं स्प्रिंगवर अडलं. सायकलच्या ब्रेकची लावली, तर सेवकभाऊंचा अंगठा दुखायला लागला. शेवटी दोरीवरचा कपड्यांचा चिमटा मोडला. स्प्रिंग छान मऊ होती, पण वाकवताना तुटली. दुसरीही तुटली. "आता कपडे काय वाऱ्यावर सोडू?" असं म्हणून बायकोने, म्हणजे आमच्या शोभाताईंनी, तिसरा चिमटा स्वतःच आणून दिला. तो बसला.

तरी सेवकभाऊंची तक्रार होतीच, स्लाइड अटकते म्हणून. पाहिलं, तर ते आधी खटका दाबत होते आणि मग वॉल्व्ह. वॉल्व्ह वर असताना ती नळी दोन्हीकडून बंद असते. ओढली तरी हवा आत शिरत नाही, म्हणून ती मागे खेचते. आधी वॉल्व्ह, मग अंगठा, असं मी सांगितलं. मग ते ओसरीत बसून तेवढंच घोटत राहिले. शेजाऱ्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. देव त्यांचं भलं करो.

लग्न बालाघाटातच होतं. मला आमंत्रण नव्हतं. मी बाहेर ठेल्याजवळ उभा राहिलो. वरातीत पोरं घामाघूम होईपर्यंत नाचली, स्लाइड जागची हलली नाही. विदाईच्या वेळी धुमाल थांबली. कीबोर्डवाला पूर्ण धून वाजवायच्या तयारीत बसला होता. मालकांनी त्याला हाताने थांबवलं आणि नुसता सूर धरायला लावला.

सेवकभाऊंनी ओळ घेतली. धून खाली यायला लागली तसा मी फक्त त्यांच्या अंगठ्याकडे पाहत होतो. वॉल्व्ह दाबले गेले, मागोमाग अंगठा. नळी अलगद बाहेर आली आणि सूर कीबोर्डच्या सुरात असा मिसळला की दोन वाद्यं वाजतायत हे कळेना. नवरीचे वडील इतका वेळ सगळ्यांना गाडीत बसवायची घाई करत होते. ते गाडीचं दार धरून उभेच राहिले आणि रडायला लागले. माझेही डोळे भरून आले, पण माझं कारण वेगळं होतं.

मालक माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाले, "मिस्त्रीजी, बाकी के ट्रम्पेट भी खोल दो."

सेवकभाऊंनी हात जोडले. "भाऊ, तुमचे लय उपकार झाले."

"उलटं हाय," मी म्हणालो. "मी घरात चिपकून बसलो होतो. मले तुम्हीच बाहेर काढलं."

यातून शिकायचं ते एवढंच, की पडणाऱ्या वस्तूला डाख देऊ नये, स्प्रिंग द्यावी. आमच्या घरी हे आता मान्य आहे. शोभाने चिमट्यांचं नवं पाकीट आणलं आणि दोरीवर न लावता माझ्या टेबलावर ठेवलं.