दाराच्या दोन्ही बाजूंनी

आधीच सांगते, माझा या गोष्टींवर विश्वास नाही. उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला. गावात कुणाच्या अंगात आलं की बायका हळदकुंकू घेऊन धावायच्या आणि मी लिंबूसरबत घेऊन जायचे. त्यावरून सासूबाईंची बोलणीही खाल्ली. भुताखेतांच्या अनुभवांचं हे सदर माझी नात वाचते, तेव्हा तिलाही मी नावं ठेवत आलेय. आता तिच्याकडूनच हे टाइप करून घेतेय... म्हातारपणी माणसाला आपलेच शब्द गिळावे लागतात.

झालं असं, की नात बाळंतपणाला आमच्याकडे सीवूड्सच्या फ्लॅटवर आलीये. तिचं बाळ झोपेत फार आवाज करतं. कण्हतं, कुंथतं, मधेच एखाद्या म्हाताऱ्यासारखं घुरघुरतं. डॉक्टर म्हणाले, नवीन बाळं अशीच झोपतात, टेन्शन घेऊ नका. तरी आजीची झोपमोड नको म्हणून परवा रात्री तिने आपल्या खोलीचं दार लावलं, आणि मी अंथरुणातून ओरडले, "दार लावू नकोस." पोर दचकलीच. मग तिला सगळं सांगावं लागलं. तोवर घरात कुणापाशी बोलले नव्हते.

साठ सालानंतरची एक-दोन वर्षं असतील. नवी मुंबई तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हती. आज मी राहते तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, खाडीकाठी आमचं गाव. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं. मी पनवेलची, सातवी पास, म्हणून गावात जरा तोऱ्यातच वावरायचे. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण सासरी झालं. मुलगा झाला. बारसं व्हायचं होतं, तोवर सासूबाई त्याला नुसतं 'बाल्या' म्हणायच्या.

बाल्या दिवसा गुणी होता. रात्र झाली की सुरू व्हायचा. रडणं नाही, झोपेतच घुरघुर... छातीत काहीतरी अडकल्यासारखी. आमचे हे दिवसभर मिठागरावर राबून यायचे, त्यांनी दुसऱ्याच रात्री घोंगडी उचलली आणि ओट्यावर गेले. मला कुठे जाता येत होतं? आवाज चालू असला की वाटायचं याला काहीतरी होतंय, आणि थांबला की जीव उडायचा. मग अंधारात त्याच्या नाकापुढे बोट धरायचं, ऊन श्वास लागला की पुन्हा आडवं व्हायचं. झोप अशी लागतच नव्हती. डॉक्टर पनवेलला, आणि घुरघुरतो म्हणून तान्ह्या पोराला कोण गाडी जुंपून नेणार?

सासूबाईंना विचारलं तर हसल्या. "तुजा नवरा पन आसाच व्हता. पोर घुरघुरतंय तवर बरा. गप झाला तर बग."

बाळंतिणीची खोली घराच्या मागच्या बाजूला. एकच झरोका, त्यात गोणपाट कोंबलेलं. दाराच्या फटीत चिंध्या. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, हे तेव्हाचं शास्त्र. बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवून शेक द्यायचा, आणि शेक झाला की शेगडी बाहेर न्यायची. त्या रात्री थंडी फार होती. मी कुडकुडत होते, म्हणून सासूबाईंनी शेगडीत आणखी कोळसे घालून ती आतच ठेवली. माझा चेहरा बघितला आणि बाल्याला उचललं.

"आज ह्याला मी घेतंय माज्यापाशी. तू नीज गो. डोलं बग कशे झालंत तुजं."

दार ओढून त्या पुढच्या खोलीत गेल्या. हे त्या रात्री मिठागरावरच होते, मोठ्या भरतीला बांधावर राहावं लागायचं. पलीकडून बाल्याची घुरघुर येत होती, ती ऐकत मला झोप लागली. इतकी गोड झोप मला त्याआधी कधी लागली नव्हती.

जाग आली ती त्याच्याच आवाजाने. आता तो दाराला खेटून येत होता, खाली, उंबऱ्यापाशी. घुर्र... घुर्र... नेहमीपेक्षा मोठा आणि न थांबता. मला उठायचं नव्हतं. डोकं दगडासारखं जड, हातपाय माझे नाहीतच असं वाटत होतं. मनात आलं, आहेत सासूबाई, बघतील. पण त्या आवाजाने मला पान्हा फुटला. चोळी भिजली तशी मी बाजेवरून खाली घसरले. भुकेलाय तो, एवढंच कळत होतं. रांगत गेले, दार आत ओढलं आणि उंबऱ्यावरच पडले. गार वारा तोंडावर आला आणि भडाभडा ओकले.

समोर सासूबाई उभ्या होत्या. एका हातात पेटती चिमणी, दुसऱ्या हातात छातीशी धरलेला बाल्या, डोक्यापासून पायापर्यंत लुगड्यात गुंडाळलेला. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझ्यावरून खोलीत बघत होत्या.

"आत कोन हाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "द्या इकडे त्याला. कधीचा घुरघुरतोय, भूक लागलीय."

त्यांनी चिमणी खाली ठेवली. "तो कवाच गेला गो. चांगला झोपला व्हता, आन गप झाला. तुला सकाली सांगनार व्हते. एक रात तरी झोपशील म्हनून बसून रायले त्याला घेऊन." मग पुन्हा खोलीकडे बघून म्हणाल्या, "पन आत घुरघुरत कोन व्हता? तो आवाज आयकून तर मी उठले."

मी बाल्याला घेतलं. तो गार होता.

सकाळी हे आले. त्यांनी आणि चुलत सासऱ्यांनी त्याला खाडीच्या अंगाला पुरलं. तो का गेला ते कुणी सांगू शकलं नाही. पान्हा मात्र पुढे कितीतरी दिवस येत राहिला, आणि तो मी भिंतीवर पिळून टाकत होते. त्या दिवसांबद्दल याहून जास्त मला सांगवत नाही.

पुढे मुलं झाली. मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेले, तिथे पुस्तकात वाचलं की बंद खोलीत कोळसा धुमसला की विषारी वायू होतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. त्या दारामागे मी आणखी थोडा वेळ निजले असते तर सकाळी दोघांना न्यावं लागलं असतं. नंतर तो धडा दरवर्षी वर्गात शिकवला, पण मला हे कसं माहीत ते मुलांना कधी सांगितलं नाही.

नात हुशार आहे. म्हणाली, "आजी, त्या गॅसने तुला भास झाला असेल. आणि तुझ्या सासूबाईंनी ऐकलं ती तुझीच घरघर असेल." असेलही. मीही वर्षानुवर्षं हेच स्वतःला सांगितलं. सासूबाई शेवटच्या दुखण्यात होत्या तेव्हा त्यांनाही तसं सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, "तुजी घरघर मी कवा आयकली नाय काय? त्याला मांडीवर घेऊन बसलेली मी. त्याचाच आवाज आतून आयला."

त्यांना आतून, मला बाहेरून. मधे ते दार. त्या रात्रीनंतर सासूबाईंनी गावात कुणाच्याच बाळंतिणीचं दार लावू दिलं नाही. बायका म्हणायच्या, म्हातारी पोरींना वारा लावून वात करणार. त्यांनी कारण कधी सांगितलं नाही.

हे सांगून झाल्यावर नातीने पाळणा माझ्या खोलीच्या तोंडाशी आणून ठेवला. आत्ता हे टाइप होतंय आणि तिचं बाळ तिथे घुरघुरतंय. मला त्या आवाजात छान झोप लागते.

बाल्याचं बारसं राहून गेलं. त्याला नावच नव्हतं, म्हणून मला त्याला कधी हाक मारता आली नाही. त्याने मात्र मला मारली.